सहावी बाटली

"मॅडम, आधी रॅकमधल्या बाटल्या काढून बाजूला ठेवा, मग माझं बोलणं ऐका."

सांगलीच्या होलसेलरकडचा माणूस एरवी फोनवर पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारायचा. त्या दिवशी त्याने कशी आहात एवढंही विचारलं नाही. मी रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि औषधाच्या रिकाम्या खोक्यावर तो सांगेल ते लिहायला लागले. लहान मुलांच्या फिटचं सिरप. बॅच नंबर इतका इतका.

"औषधात काही नाही, औषध चोख आहे," तो म्हणाला. "टोपण चुकलंय. मापाचं टोपण असतं बघा बाटलीवर, त्यावर पाच एमएलची खूण आहे तिथपर्यंत भरलं की दहा मावतंय. कंपनीचा फॅक्स आत्ता आलाय."

"म्हणजे पोराला दुप्पट डोस जातोय."

"तेच सांगतोय. तुमच्याकडं दहा बाटल्या आल्या होत्या. किती शिल्लक आहेत?"

मी रॅककडे पाहिलं. चार होत्या.

दोन हजार दोन सालचा जानेवारी महिना होता, सकाळचे पावणेअकरा वाजले होते. कुरुंदवाडच्या 'पद्मावती मेडिकल'मध्ये मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. डी. फार्मसीचा निकाल हातात पडला त्याच आठवड्यात वडील मला सायकलवर बसवून हेरवाडहून तिथं घेऊन गेले होते. दुकानाचे मालक जिनगोंडा चौगुले, वय सहासष्ट. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागले. पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी, आणि खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल पेनाने ते औषधाच्या पुडीवर डोस लिहायचे आणि तो समोरच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम होता. संध्याकाळी साडेपाचला त्यांच्या पत्नीने, काकूंनी पाठवलेला डबा मागच्या खोलीत उघडायचे, तेवढा अर्धा तास दुकान माझं.

अण्णांच्या दुकानात लोक चिठ्ठी न घेता यायचे. "अण्णा, ते माझं नेहमीचं," म्हणायचे, आणि अण्णा मागे वळून नेमक्या खणात हात घालायचे. कुणाच्या आईला कुठल्या गोळीने पित्त होतं, कुणाच्या सुनेला कितवा महिना लागलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. म्हणून दसऱ्याला त्यांनी दुकानात कॉम्प्युटर आणला तेव्हा गावाला आश्चर्य वाटलं. जयसिंगपुरातल्या मोठ्या दुकानांत नुकते कुठे आले होते तेव्हा.

"अण्णा, तुम्हाला कशाला पाहिजे हे?" लोक विचारायचे. "तुमचं डोकंच कॉम्प्युटर हाय की."

"या पोरीला शिकायला आणलाय," अण्णा माझ्याकडे बोट दाखवून हसायचे.

पण शिकले तेच जास्त. सांगलीचा इनामदार म्हणून एक तरुण प्रोग्राम बसवायला आला होता. तो बिलाबद्दल आणि स्टॉकबद्दल सांगायला लागला की अण्णा त्याला थांबवायचे आणि पुन्हा पुन्हा एकच विचारायचे. "पेशंटच्या नावाची दोन अक्षरं टाकली तर पुरं नाव आलं पाहिजे. गाव आलं पाहिजे. मागं काय काय नेलंय ते आलं पाहिजे. येतंय का?" इनामदार म्हणाला, येतंय. तेव्हा कुठे अण्णांनी होकार दिला. मला पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, नावाशिवाय एकही बिल काढायचं नाही. कितीही गर्दी असो. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस आहेत.

तर त्या सकाळी फोन ठेवला आणि मी कॉम्प्युटरपाशी गेले. अण्णा एका बाईंना इनो आणि इसबगोल यातला फरक समजावत होते. मी बॅच नंबर टाकला. पडद्यावर सहा ओळी उमटल्या. सहा बाटल्या, सहा बिलं, तारीख आणि वेळ, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, गाव. मला अजून आठवतं, त्या ओळी पाहून माझा जीव केवढा हलका झाला होता. जुन्या पद्धतीने पुस्तकातल्या कार्बन कॉप्या चाळायच्या तर दुपार झाली असती, आणि त्यांवर बॅच नंबर अर्ध्या वेळा लिहिलेलाच नसायचा.

पहिल्या दोघी गावातल्याच होत्या. मी चपला घातल्या आणि चालत जाऊन सांगून आले. दोघींच्या घरून टोपणं घेतली, औषधाच्या पाच एमएलच्या सिरिंज दिल्या आणि त्यातून कसं मोजायचं ते दाखवलं. मुलं खेळत होती. एकीने आदल्या दिवशीच बाटली उघडली होती, दुसरी टोपण न वापरता घरच्या चमच्याने देत होती. नृसिंहवाडीच्या पेढेवाल्यांकडे फोन होता, अकिवाटच्या मास्तरांकडे होता. औरवाडचा निरोप शेजारच्या एसटीडी बूथवरून ग्रामपंचायतीत दिला, आणि पंधरा मिनिटांत तिथल्या बापाचा उलटा फोन आला. पाच झाली. अजून बाराही वाजले नव्हते.

सहाव्या ओळीत पेशंटच्या नावाच्या जागी लिहिलं होतं 'कॅश'. गाव रिकामं. डॉक्टर रिकामं. तारीख नऊ जानेवारी, दुपारी तीन चाळीस. म्हणजे सहा दिवसांपूर्वी. त्या दिवशी मी बहिणीच्या साखरपुड्याला सुट्टी घेतली होती.

"अण्णा, हे बिल तुमच्या हातचं आहे."

अण्णा आले. चष्मा वर ढकलून त्यांनी पडदा पाहिला.

"असेल."

"फिटचं सिरप एक, काचबिंदूचे थेंब एक. कोण होतं?"

"असेल कोणतरी परगावचं. वाडीला दत्ताच्या दर्शनाला आलेलं."

"दर्शनाला आलेला माणूस काचबिंदूचे थेंब इथं कशाला घेईल? रोजचं औषध आहे ते. आठवा ना अण्णा."

ते पडद्याकडे बघत राहिले, जणू नाव तिथेच कुठेतरी खाली असावं. मग म्हणाले, "म्हातारं माणूस होतं. धोतर, काळी टोपी. पिशवी होती हातात."

"नाव?"

"आठवत न्हाई."

हे दोन शब्द अण्णांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. पण ते मला तेव्हा खटकले नाहीत, उलट माझा पारा चढला. मी तेवीस वर्षांची होते आणि पाच घरं शोधून काढल्याचा मला अभिमान चढला होता.

"तुम्हीच मला सांगितलं होतं, नावाशिवाय बिल काढायचं नाही म्हणून," मी म्हणाले. "मी एक दिवस नव्हते, तर तुम्ही 'कॅश' लिहून मोकळे झालात. कुणाचं तरी पोर दुप्पट डोस घेतंय अण्णा, सहा दिवस."

काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मी हे बोलले.  अण्णांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली आणि मागच्या खोलीत निघून गेले. दोन्ही गिऱ्हाइकांना मीच औषधं दिली. त्यांची नावं विचारून.

मग मी डोकं शांत करून बसले. सिरपवरून माग लागत नव्हता. त्या बिलात दुसरी वस्तू होती ती काचबिंदूच्या थेंबांची बाटली. ते थेंब महिन्याला एक लागतात, आणि घेणारा चुकवत नाही. मी थेंबांचं नाव टाकलं आणि दसऱ्यापासून ते कुणाकुणाला गेले ते मागवलं.

पाच माणसं निघाली. तिघांनी जानेवारीतही आपापल्या नावावर घेतले होते. चौथ्या आजी नोव्हेंबरात वारल्या होत्या, मला माहीत होतं. पाचव्या नावापुढे दोन तारखा होत्या. नोव्हेंबरची अकरा, डिसेंबरची दहा. जानेवारीत काहीच नाही. जानेवारीची जागा रिकामी होती, आणि नऊ जानेवारीचं बिनानावाचं बिल तिथे बरोबर बसत होतं.

मी मागच्या खोलीच्या दारात गेले. अण्णा खोक्यावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"तातोबा मगदूम," मी म्हणाले. "शिरढोण."

अण्णांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. हरवलेली वस्तू सापडल्यावर होतो तसा आनंद, आणि त्याच क्षणी कुणी थोबाडीत मारल्यासारखं काहीतरी.

"तात्या," ते म्हणाले. "तात्याच होता." मग उठून त्यांनी लुनाची किल्ली माझ्या हातात दिली. "लवकर जा पोरी."

शिरढोण फार लांब नाही, पण साखर कारखान्याचा हंगाम होता. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. एकेक ट्रॉली ओलांडताना उसाची पाचटं तोंडाला लागत होती. मी मनात हिशोब करत होते, सहा दिवस, दिवसातून दोनदा, बारा डोस. कॉलेजात शिकलेलं सगळं आठवत होतं. गुंगी, उलट्या, चालताना तोल जाणं, आणि त्यापुढचं.

मगदुमांचं घर तंबाखूच्या वखारीमागे होतं. सोप्यात एक बाई लसूण सोलत बसली होती. तातोबांची सून, राजश्री. मी पद्मावती मेडिकलमधून आले म्हटल्यावर तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"घरात कुणाला फिटचं औषध चालू आहे?"

"माझ्या अंकिताला. का?"

"कुठं आहे ती?"

"झोपलीय की. दोन-तीन दिस झाले नुसती झोपतीय. उठवली तर भेलकांडती. मामंजी म्हणाले, दुखण्याचा अशक्तपणा असेल. उद्या मिरजेला न्यायचंच होतं."

पाच वर्षांची मुलगी आतल्या खोलीत वाकळेवर पडली होती. मी हाक मारली, खांदा हलवला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे पुन्हा मिटले. श्वास नीट चालू होता. फळीवर बाटली होती. टोपण काढून मी पाच एमएलच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि पर्समधली सिरिंज लावून ओढलं. एक सिरिंज पूर्ण भरली, तरी टोपणात तेवढंच उरलं. राजश्री बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

"मीच पाजत होते," ती म्हणाली. "खुणेपर्यंत. एक थेंब सांडू देत नव्हते."

"तुमची काही चूक नाही, वहिनी. टोपणच चुकीचं आलंय. चला, दवाखान्यात नेऊ या."

तातोबा रानातून धावतच आले. धोतर, काळी टोपी. शेजाऱ्याची जीप मिळाली. राजश्री मुलीला मांडीवर घेऊन पुढे बसली, मी आणि तातोबा मागे. जयसिंगपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं, टोपण पाहिलं, मी लिहून आणलेला बॅच नंबर आणि डोसाचा हिशोब पाहिला. सलाईन लावलं, मिरजेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "आज रात्री इथंच ठेवते. औषध अंगातून उतरलं की खडखडीत बरी होईल. पण आणखी दोन-तीन दिवस असंच चाललं असतं तर मला हे सांगता आलं नसतं. कसं कळलं तुम्हाला?"

"कॉम्प्युटरमध्ये सापडलं," मी म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मी आणि तातोबा बसलो.  ते म्हणाले, "अण्णाला सांग बाई, माझी चुकी झाली म्हणून."

"तुमची कसली चूक?"

"पोरीला पहिल्यांदा झटका आला तवा मिरजेला ठेवली होती. तिथनं सुटताना पहिली बाटली तिथल्याच दुकानातनं घेतली. दुसरी घ्यायला अण्णाकडं गेलो. कुणीतरी कानाला लागलं असणार त्याच्या, तात्यानं दुसरीकडनं औषध घेतलं म्हणून. त्यानं ओळखच दाखवली न्हाई."

"अण्णांनी?"

"व्हय की. काउंटरला गेलो, तर म्हणाला, 'काय पाहिजे?'" तातोबांनी माझ्याकडे पाहिलं. "आम्ही एका शाळेतले. एका तालमीतले. त्याच्या लग्नात मी वाढपी होतो. पन्नास वर्षांत मला कधी 'काय पाहिजे' म्हणाला न्हाई तो. मी नुसता दिसलो तर खणात हात घालायचा. त्या दिशी मी मिरजेच्या बाटलीचं खोकं पुढं केलं, डोस लिहिलेलं. औषध दिलं त्यानं, डोस सांगितला, लाल पेनानं लिहून दिला. नाव लिहायच्या वेळंला थांबला. माझ्याकडं बघितलं. हसला. आणि म्हणाला, 'बरं आहे, या पावणं.'" त्यांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढून घेतला. "पावणं म्हणाला मला."

  मला गेल्या दोन महिन्यांतलं सगळं एकामागून एक आठवायला लागलं होतं. अण्णा सगळ्यांनाच अलीकडे पावणं म्हणत होते. नाहीतर मालक, नाहीतर बाई, नाहीतर काका. गिऱ्हाईक आलं की मला हाक मारायचे, "उज्वला, यांचं बिल कर गं," आणि मी नाव टाइप करेपर्यंत माझ्या मागे येऊन उभे राहायचे. पडद्यावर नाव आलं की मग त्या नावाने बोलायला लागायचे. "काय दत्तू, आई कशी हाय?" मला वाटायचं, माझ्या चुका तपासायला उभे राहतात.

इनामदारला विचारलेला तो एकच प्रश्न मला आठवला. दोन अक्षरं टाकली तर पुरं नाव येतंय का?

"काका," मी तातोबांना म्हणाले, "अण्णा तुमच्यावर रागावलेले नाहीत. एवढं मी शपथेवर सांगते."

त्यांनी मला निरखून पाहिलं. जास्त काही विचारलं नाही.

मी कुरुंदवाडला परतले तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. दुकानात अण्णा एकटेच उभे होते. मला बघताच काउंटरची फळी उचलून बाहेर आले.

"पोरगी?"

"बरी आहे. सलाईन लावलंय. मी निघायच्या आधी पाणी मागितलं तिने."

त्यांनी डोळे मिटले, ओठांनी काहीतरी पुटपुटले. मागच्या खोलीत डबा तसाच होता, न उघडलेला. सूर्य गेला होता, म्हणजे आता दुसऱ्या सकाळपर्यंत ते अन्नाला शिवणार नव्हते.

"अण्णा, जेवून घ्यायचं ना वेळेत."

"घास उतरला असता का?"

मी सकाळच्या बोलण्याची माफी मागणार होते. वाटेत येताना शब्दही जुळवले होते. पण अण्णांनी हाताने मला थांबवलं आणि स्टुलावर बसले.

"तात्या काय म्हणाला?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण 'पावणं' सांगितलं. ते ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"समोर उभा होता," ते म्हणाले. "मला सगळं ठाऊक होतं गं. हा मनुष्य माझा. याच्या डोळ्याला कुठलं औषध लागतंय, कितीचं लागतंय, ठाऊक होतं. याच्या आईच्या हातची भाकरी मी खाल्लीय हेही ठाऊक होतं. आणि नावच येईना. कसं विचारू त्याला? तात्याला नाव विचारू? म्हणून ते 'कॅश' लिहिलं."

रस्त्यावरून उसाची बैलगाडी गेली. तिची घुंगरं लांब गेली.

"गेल्या उन्हाळ्यापासून चाललंय. कोल्हापूरला दाखवून आलो, काकूलासुद्धा सांगितलं न्हाई. डॉक्टर म्हणाला, वय झालं, असंच हळूहळू जाणार. म्हणून हे यंत्र आणलं. म्हटलं, जे माझ्या डोक्यातनं जाईल ते ह्यात राहील." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "औषधांची नावं सगळी आहेत अजून. एक सुद्धा गेलं न्हाई. माणसांची चाललीत."

मी काउंटरची उघडी राहिलेली फळी खाली केली.

"उद्या महावीरला पुण्याला फोन करतो," अण्णा म्हणाले. महावीर म्हणजे त्यांचा मुलगा. "दुकान देऊन टाकू या कुणाला तरी. आज पोरगी वाचली. पुढच्या वेळंला तू सुट्टीवर असशील."

"औषध कधी चुकलंय तुमचं?" मी विचारलं.

"न्हाई."

"डोस?"

"न्हाई. अजून तरी."

"मग थांबा. महावीरदादांना फोन करा, त्यांना सगळं सांगा. काकूंना सांगा. औषधं मी रोज तपासीन, एकूण एक, तुम्ही रागावला तरी. पण दुकान द्यायचं नंतर बघू."

"आणि नावं?"

 त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं. मी बूथवरून इनामदारला फोन केला. दुकानातला फोन मुद्दाम वापरला नाही.

"नावाशिवाय बिल निघूच नये असं करता येईल का?" मी विचारलं. "म्हणजे नावाची जागा रिकामी ठेवली, किंवा 'कॅश' लिहिलं, तर प्रिंटच येऊ नये."

"करता येईल. पण मॅडम, गर्दीत वैतागाल. सगळी दुकानं उलट सांगतात, नावाची कटकट काढून टाका म्हणून."

"आम्हाला कटकट पाहिजे," मी म्हणाले.

तो शनिवारी येऊन तसं करून गेला. अण्णांना मी काही समजावून सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "अण्णा, आता हे यंत्र नावाशिवाय बिल काढत नाही. काही इलाज नाही. येईल त्याला विचारावंच लागणार, अगदी काकू आल्या तरी." अण्णांनी एक रिकामं बिल काढून पाहिलं. यंत्राने टुं करून आवाज केला आणि प्रिंटर हलला नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा टुं. मग माझ्याकडे न बघता खिशातलं लाल पेन काढून उगाच त्याचं टोपण घट्ट केलं.

सोमवारपासून अण्णा नावं विचारायला लागले. "नाव सांगा मालक, यंत्र ऐकत न्हाई." लोकांना मोठी गंमत वाटली. "अण्णा, मला नाव विचारता? बापाचं सांगू का आज्ज्याचं?" असं म्हणत हसत हसत नाव सांगायचे. कॉम्प्युटरला शिव्या घालायचे. अण्णाही घालायचे, सगळ्यांपेक्षा जोरात. आणि नाव कानावर पडलं की त्यांच्या डोळ्यांत दिवा लागायचा. मग आई, सून, गुडघे, बैल, सगळं विचारून व्हायचं. असा अण्णांनी पुढे साडेतीन वर्षं काउंटर सांभाळला. मी मागे उभी राहून प्रत्येक पुडी तपासायची. तोवर एकदाही चूक सापडली नाही, आणि ज्या दिवशी सापडली त्या दिवशी त्यांनी स्वतःच टोपी उचलली आणि घरी गेले. आता त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. जयसिंगपुरात माझं स्वतःचं दुकान आहे, तिथल्या यंत्राला खोकं दाखवलं की बॅच, मुदत, सगळं आपोआप येतं. तरी नाव विचारायची सक्ती मी ठेवली आहे. माझ्याकडच्या मुली कुरकुरतात.

पण मला सांगायचंय ते फेब्रुवारीतलं.

फेब्रुवारीच्या आठ तारखेला, भर दुपारी, तातोबा मगदूम दुकानात आले. बरोबर अंकिता होती, दोन वेण्या, हातात चिक्कीचा तुकडा. ती काउंटरवरून दिसतही नव्हती, नुसती उड्या मारताना वेण्या दिसत होत्या. मी आत होते. बाहेर येणार तेवढ्यात अण्णा काउंटरला पोचले. मी दारातच थांबले. मला वाटलं होतं, हे नाव आता तरी येईल. महिनाभर आम्ही दोघं त्या नावावर कितीदा बोललो होतो.

अण्णांनी तातोबांकडे पाहिलं. हात आपोआप मागे गेला आणि बरोबर खणातून काचबिंदूच्या थेंबांची बाटली घेऊन आला. ती त्यांनी काउंटरवर ठेवली. मग कीबोर्डपाशी आले, बोटं ठेवली, आणि थांबली.

"नाव सांगा," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढवला होता. "यंत्र ऐकत न्हाई."

मी तातोबांकडे बघत होते. ते हसले नाहीत, इतरांसारखी चेष्टा केली नाही. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. पण त्या बाकावर मी जे बोलले नव्हते ते त्यांनी बहुधा तेव्हाच ऐकलं होतं. त्यांनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि वर्गात हजेरी द्यावी तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागले.

"तातोबा. आप्पासाहेब. मगदूम. मुक्काम शिरढोण."

अण्णा एकेक अक्षर शोधून दाबत होते.

"तू मला तात्या म्हणतोस," तातोबा पुढे म्हणाले, त्याच संथ आवाजात. "मी तुला जिन्या म्हणतो. कुरुंदवाडच्या शाळंत आपण एका बाकावर होतो, खिडकीकडच्या. तालमीत तू माझ्या पाठीवर पडला होतास, त्याची खूण हाय अजून. तुझ्या लग्नात मी बुंदी वाढली. माझी आई गेली तवा तू तीन दिस माझ्या घरात होतास. ही माझी नात, अंकिता. तुझ्या ह्या यंत्रानं राखलेली."

नावाच्या रकान्यात तीसच अक्षरं मावायची. तीस झाली आणि यंत्राने पुढचं घेणं बंद केलं. अण्णांनी कीबोर्डवरून हात काढले, स्टूल ओढून तातोबांच्या समोर बसले, आणि ते सांगत राहिले तोवर ऐकत राहिले.